दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: इच्छा सुटतात की नुसते गुडघे दुखतात?

इच्छा सोडा, आहे ते स्वीकारा, म्हणजे सुखी व्हाल, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. पण ते करायचं कसं, किती वाजता उठून, कशावर बसून, मन कुठे ठेवून, हे पायरीपायरीने करून घेणारी जागा शोधायला गेलं की पर्याय एकदम कमी होतात. विपश्यना म्हणजे शरीरातल्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याची बौद्ध ध्यानपद्धत; सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं तिचं दहा दिवसांचं निवासी शिबिर हा त्यांतला सर्वांत दूरवर पसरलेला पर्याय. त्याबद्दल एक तर हात जोडून बोललं जातं, नाहीतर 'दहा दिवस तोंड बंद' म्हणून चेष्टा होते. परीक्षण मधल्या मधे राहून जातं.

निकाल आधीच सांगतो. इच्छा शरीरात कुठे आणि कशी जन्म घेते हे दाखवण्याचं काम हे शिबिर फार चांगलं करतं. मनःशांती, नोकरी सोडावी की नाही याचं उत्तर, जुन्या दुखण्यातून सुटका, अशी यादी घेऊन लोक जातात. त्यातल्या कशाचीच हमी नाही, आणि ती यादी मनात धरून बसल्यामुळेच बऱ्याच जणांचं शिबिर फुकट जातं.

पार्श्वभूमी थोडक्यात. गोएंका १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले इथे जन्मले. व्यापारी घराणं. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, भिक्खू नव्हते. १९६९ साली गोएंका भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचं भारतातलं पहिलं शिबिर झालं. इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रात १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. २०१३ साली गोएंका गेले, पण शिबिर आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतं. समोर बसलेले सहायक आचार्य स्वतःचं काही शिकवत नाहीत. ते ध्वनिफीत लावतात, साधकांची विचारपूस करतात, शंकांना उत्तरं देतात. याचा फायदा असा की शिबिर कुठेही करा, सूचना शब्दाला शब्द त्याच. तोटा असा की तुमची अडचण ध्वनिफितीला कळत नाही. याच्याकडे पुन्हा यावं लागेल.

शुल्क नाही. राहणं, जेवण, शिकवणं सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, आणि दानही निदान एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात. ही नुसती उदारता आहे असं मला वाटत नाही, ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. पैसे मोजले की माणूस वसुलीला बसतो: खोली अशी का, चहा गार का. इथे मागण्याचा हक्कच काढून घेतलेला असतो. मिळेल ती खोली, मिळेल ते शाकाहारी जेवण. इच्छा कमी करण्याचा पहिला धडा साधना सुरू होण्याआधीच पदरात पडतो, फक्त तो कोणी धडा म्हणून सांगत नाही.

दिनक्रम कडक आहे. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. आठ ते नऊ सर्वांनी मिळून धम्मकक्षात बैठक, नऊ ते अकरा पुन्हा साधना. अकराला जेवण, बाराच्या पुढे विश्रांती आणि ज्यांना हवं त्यांना आचार्यांशी बोलायची वेळ. एक ते पाच साधना, त्यातला अडीच ते साडेतीन हा तास सामूहिक. पाचला चहा; नव्या साधकांना सोबत थोडंसं काही किंवा फळ, जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, लिंबूपाणी. सहा ते सात सामूहिक बैठक, सात ते सव्वाआठ प्रवचन, नऊपर्यंत शेवटची बैठक, साडेनऊला दिवे बंद. दिवसाला साधारण पावणेअकरा तास बसणं आणि साडेसहा तास झोप. फोन, पुस्तक, वही, पेन, जपमाळ, व्यायाम, बोलणं, खाणाखुणा, सगळं बंद. चालायला परवानगी असते. दोन बैठकांच्या मधे चालाच, नाहीतर पाय आणि पोट दोन्ही तक्रार करतील. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी.

लोकांना सर्वांत भीती मौनाची वाटते. प्रत्यक्षात मौन हा शिबिराचा सर्वांत सुखाचा भाग आहे. कोणावर छाप पाडायची नाही, कोणाचं मन राखायचं नाही. निम्म्या इच्छा दुसऱ्याच्या नजरेवर जगतात आणि तिथे नजरच मिळवायची नसते.

पहिले साडेतीन दिवस आनापान. पहिल्या दिवशी फक्त येणारा-जाणारा श्वास नाकपुड्यांशी जाणायचा. श्वास मुद्दाम दीर्घ करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत नामजप नाही. मग श्वास कुठे स्पर्श करतो तिकडे लक्ष. तिसऱ्या दिवसापर्यंत जागा आक्रसत नाकाखाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीशी उरते आणि तिथे जी संवेदना होईल ती जाणायची: खाज, ऊब, ओलावा, टोचणं, काहीही. जागा लहान करण्याचं कारण सरळ आहे. मोठ्या जागेवर मन भटकलं तरी भटकल्याचं कळत नाही, लहान जागेवरून सुटलं की लगेच कळतं.

या दिवसांत नव्या साधकांना धक्का बसतो तो मनाच्या पळापळीचा. चार श्वास होतात आणि मन कुठल्या तरी जुन्या भांडणात नाहीतर पुढच्या बेतात. यात आपल्या एकट्याचं काही बिघडलेलं नाही. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांचा अभ्यास आला होता. २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची: मन सुखद विचारांत रमलेलं असतानाही माणसं कामात लक्ष असतानाच्यापेक्षा अधिक आनंदी नव्हती. म्हणजे मनातल्या मनात मांडे खाण्याचा आनंद आपण समजतो तेवढा नसतो.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत शरीराच्या एकेका भागातून लक्ष फिरवायचं, प्रत्येक ठिकाणी जी संवेदना असेल ती जाणायची आणि पुढे जायचं. संवेदना मिळाली नाही तर मिनिटभर थांबायचं, मग पुढे. कल्पनेने निर्माण करायची नाही. पुढच्या दिवसांत हेच वरून खाली आणि खालून वर, मग दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम, आणि जमेल त्याला सबंध शरीरातून एका ओघात. शिवाय विपश्यना सुरू झाल्यानंतर दिवसातल्या तिन्ही सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत.

सगळी करामत इथे आहे. बौद्ध विचारातल्या कार्यकारणाच्या साखळीत एक कडी आहे, 'वेदनापच्चया तण्हा', संवेदनेमुळे तृष्णा. आपल्याला वाटतं की आपण वस्तूच्या मागे धावतो. या मांडणीप्रमाणे वस्तूमुळे शरीरात जे जाणवतं ते पुन्हा हवं असतं, किंवा नको असतं. तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत: भोगाची, असण्याची आणि नसण्याची. तिसरा प्रकार लोक विसरतात. गुडघेदुखी थांबावी, हा तास संपावा, हा माणूस समोरून जावा, ही सगळी तृष्णाच. अधिष्ठानाच्या तासात ती शुद्ध स्वरूपात भेटते, कारण तिथे दुसरं काही मिळवण्यासारखं नसतंच. चाळिसाव्या मिनिटाला गुडघ्यात ठणका असतो आणि त्याच्याभोवती 'नको, नको' असा आक्रोश असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा दिसलं की शिबिराचं निम्मं काम झालं. ठणका तसाच राहतो, आक्रोश मधेच विरतो, आणि क्षणभर ठणका नुसता ठणका असतो. मग आक्रोश पुन्हा येतो. हे शंभरदा होतं. वर्तमान स्वीकारणं म्हणतात ते एवढंच, आणि ते प्रवचनातून कळण्यासारखं नाही.

पण गुडघ्यांबद्दल व्यवहाराचंही बोलायला हवं, कारण शिबिरात ते कोणी पुरेसं समजावत नाही. नितंब गुडघ्यांपेक्षा वर हवेत. सपाट आसनावर मांडी घातली की कंबर मागे कलते, पाठ वाकते आणि तासाभरात खांद्यांमधे जळजळ सुरू होते. उशी किंवा घडी घातलेली चादर घेऊन, दोन्ही गुडघे जमिनीला टेकतील एवढी उंची करा. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखालीही घडी सरकवा. पायाला मुंग्या येणं बहुतेक वेळा नसेवर दाब आल्यामुळे होतं आणि उठल्यावर काही मिनिटांत जातं. मात्र बधिर पायावर लगेच उभं राहू नका, घोटा मुरगळतो. मांडी, कंबर, पाठ यांतलं पसरट दुखणं बैठक मोडली की ओसरत असेल तर ते साधनेचं सामान आहे. गुडघ्याच्या आत एकाच जागी टोचणारी कळ, सूज, किंवा पुढच्या बैठकीपर्यंत न जाणारं दुखणं ही इजेची खूण. तिथे समता, म्हणजे प्रतिक्रिया न देता पाहत राहणं वगैरे, बाजूला ठेवायची आणि खुर्ची मागायची. खुर्चीवर बसून साधना कमी होत नाही.

आता शिबिराचा सर्वांत मोठा खड्डा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर काहींना शरीरभर सूक्ष्म, सुखद स्पंदनांचा प्रवाह जाणवतो. तो फार छान वाटतो. आणि झालं, इच्छा सोडायला आलेल्या माणसाला नवी इच्छा लागली. पुढच्या प्रत्येक बैठकीत तो त्या प्रवाहाची वाट पाहतो, नाही आला की खट्टू होतो, शेजारी शांत बसलेला दिसला की त्याला तो मिळतोय असं धरून चालतो. प्रवचनांत याबद्दल रोज बजावतात, तरी दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर पहिला प्रश्न ऐकू येतो तो 'तुला प्रवाह मिळाला का?' हाच. ओळखायची खूण अशी: बैठकीनंतर तुम्ही तिला 'चांगली झाली' किंवा 'वाईट झाली' असे गुण देत असाल, तर तुम्ही संवेदनांच्या मागे आहात. दुखरी, जड, कंटाळवाणी बैठक उलट जास्त कामाची, कारण प्रतिक्रिया तिथेच पकडता येते.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. स्वीकार म्हणजे सोसणं असं समजून माणसं दात-ओठ खाऊन बसतात. जबडा आवळलेला, श्वास रोखलेला, पोट घट्ट. बाहेरून अधिष्ठान, आतून मल्लयुद्ध. दर काही मिनिटांनी जबडा, खांदे आणि पोट सैल आहेत का हे पाहिलं तर फरक पडतो. घरी परतल्यावर हीच चूक मोठी होते: अन्याय होतोय, 'अनित्य आहे' म्हणून गप्प. १९९४ साली तिहार तुरुंगात सुमारे हजार कैद्यांचं शिबिर झालं होतं. त्या शिबिराने शिक्षा कमी झाल्या नाहीत आणि तुरुंग चांगला आहे असंही कोणी शिकवलं नाही. आत्ता जे जाणवतंय ते नाकारायचं नाही, एवढाच स्वीकार. परिस्थितीचं काय करायचं हा पुढचा, वेगळा प्रश्न.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे त्रासाचं एकच स्पष्टीकरण: जुने संस्कार, म्हणजे मनात साठलेल्या जुन्या प्रतिक्रियांचे ठसे, वर येत आहेत. कंबरदुखीसाठी, रडू येण्यासाठी, चिडचिडीसाठी हे पुरतं आणि धीरही देतं. पण सलग दोन रात्री डोळ्याला डोळा न लागणं, विचारांचा वेग आवरता न येणं, आजूबाजूचं जग खोटं वाटणं, आवाज ऐकू येणं, स्वतःला इजा करण्याचे विचार, यांना तेच स्पष्टीकरण लावणं धोक्याचं. सहायक आचार्य होण्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही, ध्वनिफितीचा मुद्दा वर आलाच आहे. अशी लक्षणं दिसली तर दुपारच्या भेटीची वाट न पाहता सांगायचं, साधना थांबवायची आणि डॉक्टर गाठायचा. शिबिर पूर्ण करण्याचा हट्ट हीही एक इच्छाच.

दुसरी उणीव म्हणजे आपली पद्धत तेवढी शुद्ध, हा सूर. शिबिरापुरतं बाकीच्या साधना बाजूला ठेवा हे पटण्यासारखं आहे, कारण एकाच वेळी दोन गोष्टी केल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. पण काही प्रवचनांत तर्क कमी आणि खात्री जास्त आहे. पुनर्जन्माबद्दल तुमचं मत काहीही असो, गुडघ्यावरचा प्रयोग त्यावाचून चालतो; तेवढा भाग नुसता ऐकून सोडून द्या.

कोणी जाऊ नये किंवा आधी डॉक्टरांशी बोलावं? स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य यांचा इतिहास असलेल्यांनी, नुकताच मोठा आघात झालेल्यांनी. अर्जात आजार लपवू नका आणि चालू गोळ्या शिबिरासाठी बंद करू नका. मधुमेहींसाठी हिशेब वेगळा आहे: अकराच्या जेवणानंतर पोटभर काही मिळतं ते दुसऱ्या दिवशी साडेसहाला, म्हणजे साडेएकोणीस तासांनी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना यात धोका आहे. अर्जातच लिहा, आल्यावर पुन्हा सांगा, संध्याकाळच्या खाण्याची सोय ठरवून घ्या. अपस्माराच्या रुग्णांनी अपुऱ्या झोपेचा विचार करावा.

तयारी म्हणून ध्यानाचा अनुभव लागत नाही, शरीराची सवय लागते. पंधरा दिवस आधीपासून रोज अर्धा तास जमिनीवर बसा. चहा-कॉफी आठवडाभर आधी अर्ध्यावर आणा. ज्यांचा दिवस पाच-सहा कपांवर चालतो त्यांचं पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं डोकं कॅफीन तुटल्यामुळे दुखतं आणि ते त्याचं खापर साधनेवर फोडतात. तंबाखूचंही तसंच, तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला असते. दुसरा आणि सहावा दिवस पळून जावंसं वाटण्याचे, असं शिबिरांत म्हटलंच जातं. जेवताना थोडी भूक ठेवा, एकच्या बैठकीत झोप येणार नाही. सैल कपडे, शाल, घड्याळ, नेहमीची औषधं आणि पुरेसे मोजे एवढं सामान पुष्कळ. घरच्यांकडे केंद्राचा क्रमांक देऊन ठेवा आणि पैशांचे, कामाचे धागे खरोखर बांधून या. अर्धवट सोडलेलं एक काम तीन दिवस आनापान खातं.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. हा दिवस गोंगाटाचा असतो, साधना जवळजवळ होत नाही, पण एकदम बाहेर फेकलं जाण्यापेक्षा ही मधली पायरी बरी. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपतं. त्याच दिवशी कामावर हजर होऊ नका. आणि दोनेक आठवडे मोठे निर्णय नकोत: लग्न मोडणं, राजीनामा, घर विकणं. त्या हलकेपणात जे स्पष्ट दिसतं त्यातलं बरंचसं नुसती विश्रांती असते.

पुढे रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. बहुतेकांचं हे महिन्याभरात मोडतं, आणि सगळंच सुटतं, कारण नियम सबंध पाळायचा किंवा मुळीच नाही असं धरलेलं असतं. सकाळची एक बैठक पक्की ठेवा, वीस मिनिटं का होईना; दहा मिनिटं आनापान, दहा मिनिटं विपश्यना. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची आणि तीन दिवसांची शिबिरं असतात, त्यांचा उपयोग गंज काढायला होतो. शिबिराचा परिणाम टिकला आहे की नाही हे बसण्यावरून पाहू नका. कोणी टोचून बोललं, हवी ती गोष्ट दुसऱ्याला मिळाली, त्या क्षणी छातीतली ऊब, कानशिलांतली धडधड, जबड्याचा ताण तुम्हाला बोलण्याआधी कळतो की बोलून झाल्यावर, एवढं पाहा. आधी कळायला लागलं तर दहा दिवस कारणी लागले.

नोंदणी धम्म डॉट ऑर्गवर होते. तारखा बऱ्याच आधी भरतात, म्हणून दोन-तीन महिने पुढचं शिबिर धरा. आणि जाणं रद्द झालं तर त्याच दिवशी कळवा, प्रतीक्षायादीतल्या माणसालाही रजा काढायला वेळ लागतो.